एका शब्दाले सत्तर पैसे

सत्तर पैसे! नाही, तुम्हीच सांगा, एका शब्दाले सत्तर पैसे, हा काही भाव झाला? अन् शब्द कोनाचे? माझे! मीच लिहाचे, मीच द्याचे, वरून त्यातले निम्मे ते संपादनवाली बाई खोडनार, अन् खोडलेल्या शब्दाचेही सत्तर पैसे! म्हटलं, बाई, आमच्या पांढुर्ण्यात सडका संत्रा बाजूले काढला तं त्याचे पैसे कोनी मागत नाही, उलट हिसाबातून कापतात... तं ते म्हनते कशी, "काका, संपादनात खोडण्याचेच तर पैसे असतात. लिहायचं काम तुम्ही फुकटच केलंय की!" घ्या! आता याले काय म्हनावं?

थांबा, तुम्हाले पहिल्यापासून सांगतो. मी नत्थूजी. चाळीस वर्षं झाले, संत्र्याच्या धंद्यात आहो. उभे बगीचे घेतो मी. म्हनजे झाडावर फळ हिरवं असतानाच बगीच्यात एक चक्कर मारतो, एका झाडाखाली उभा राहतो, एका फांदीचे फळं मोजतो, फांदीवरून झाड, झाडावरून बगीचा, अन् तिथंच आकडा सांगून मोकळा! ना तराजू, ना कागद. सौसरपासून रामाकोन्यापर्यंत कोनालेही विचारा, नत्थूजीचा अंदाज चुकत नाही. आता एक डाव चुकला, ते गोष्ट अलग.

तं झालं काय, एकोनवीस महिन्यामागं आमच्या हर्षलले, म्हनजे पोराले, तिकडं हैदराबादेत जुळे झाले. दोन-दोन लेकरं, सूनबाईची नोकरी, मंग आमची पंचफुला निघाली ब्याग भरून. पंचफुला म्हनजे आमची बायको. स्टेशनवर गाडी हालली तरी खिडकीतून सांगूनच राहिली, "दोन महिन्यात येते हो मी! दुधावर झाकन ठेवत जा!" मी मनातल्या मनात अंदाज घेतला. दोन म्हनते, म्हनजे अडीच धरा. पाऊसपानी, लेकराचं दुखनं-खुपनं पकडून तीन. तीनच्या वर जात नाही, माझा अंदाज चुकत नाही... तुम्हाले सांगतो, त्याच्यानंतर मांजरीनं आमच्या घरचं एवढं दूध पेलं का ते आता दारातून मावत नाही. पन बाई काही आली नाही.

फोन येते न! रोज येते! साडेआठले. "जेवले का?" "जेवलो." "गोळी घेतली?" "घेतली." "लेकरं झोपून राहिले, ठेवू?" "ठेव." झालं! आता याच्यात मानसानं बोलाचं कुठं? तुम्ही म्हनान, नत्थूजी, तुम्हीच बोलाव न काहीतरी. काय बोलू बापा? पस्तीस वर्षं एका घरात राहिलो, बोलाची गरजच नाही पडली. मी चप्पल काढली का त्या आवाजावरून तिले समजे, सौदा जमला का फिसकटला. आता मोबाईलवर चप्पल वाजवून दाखवू?

तं मी काय केलं, वेळ जात नव्हता, म्हनून ठरवलं, पुस्तक लिहाचं. संत्र्याच्या धंद्यावर! चाळीस वर्षाचा अनुभव, नव्या पोट्ट्याले कामी येईन. बाजारातून दोनशे पानी रजिस्टर आनलं. एक. म्हटलं, हे येईपर्यंत एक रजिस्टर, पुरून उरन. माझा अंदाज... जाऊ द्या. चार भरले. चार! आठशे पानं! ते घेऊन गेलो वीरेंद्रकडं. आमचा पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हापासून कलेक्टर हापिसासमोर टायपिंगचं दुकान लावून बसते तो. त्यानं टाइप केलं, वाचलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा वाचलं, अन् म्हनते, "नत्थूजी, हे असंच्या असं छापता नाही येत. आधी संपादन करा लागते. नागपूरले प्राजक्ता म्याडम आहे, त्याइले फोन लावा. पन आधी किती पैसे लागतीन त्याचा अंदाज घ्या."

अंदाज घ्या! कोनाले म्हनते? मले! मी तिथंच बाकड्यावर बसलो, रजिस्टरचं एक भरगच्च पान उघडलं, जसं एक झाड पाहाचं तसं. वीस ओळी, ओळीत नऊ शब्द, झाले एकशे ऐंशी. गुनिले आठशे पानं. एक लाख चव्वेचाळीस हजार शब्द! फोन लावला. तं म्याडमचे तीन भाव! नुसत्या चुका पाहाच्या तं तीस पैसे शब्दाले. भाषा नीट करून, काटछाट करून, सत्तर पैसे. अन् अख्खं पुस्तक उकलून पुन्हा बांधाचं तं दीड रुपया. म्हटलं, मधला माल सांगा. "मधल्याचे काका, एक लाख आठशे." एक लाख आठशे! अहो, एवढ्यात मी एखाद्याचा लहानसा बगीचा घेतो, झाडासकट नाही, पन फळासकट घेतो! आमच्यात सौदा करताना हातावर गमछा टाकून खालून बोटं दाबून भाव ठरवतात, आता मोबाईलवर गमछा कुठं टाकता?

तेवढ्यात वीरेंद्र म्हनते, "नत्थूजी, कम्प्यूटर तं एकसष्ट हजारच दाखवून राहिला." मी म्हटलं, तुझा कम्प्यूटर बिघडला, नत्थूजीचा अंदाज चुकत नाही! त्यानं रजिस्टर माझ्यासमोर टाकलं. "तुम्हीच पाहा." अन् मी पाहिलं. तिसऱ्या रजिस्टरपासून... काय सांगू तुम्हाले... पानंच्या पानं रिकामे. वर तारीख अन् खाली दोन ओळी. "फोन आला. जेवलो म्हनून सांगितलं. जेवलो नव्हतो." दुसऱ्या पानावर, "आज तिच्यासारखी भाजी केली. तिच्यासारखी झाली नाही." मीच लिहिलं होतं हो! माझंच अक्षर! पन बगीच्यात कसं, भरल्या झाडावरून अंदाज घेतला का मानूस फसते. रिकामे झाडंही मोजा लागतात.

बरं, एकसष्ट हजार म्हनजे बेचाळीस हजार सातशे. तरी जास्तच! म्हटलं, म्याडम, वानगी दाखवा. आमच्यात वानगी पाहिल्याशिवाय माल घेत नाही. ते म्हने, "एक प्रकरण नमुना म्हणून फुकट करून देते." वीरेंद्रनं अख्खं पुस्तक पाठवलं, अन् नमुन्याले अंबिया बहाराच्या संत्र्याच्या तोडनीचं प्रकरन सांगितलं, चौदा पानाचं. वापस आलं... चार पानं! दहा पानं गायब! मी फोनवर भडकलोच, म्हटलं, बाई, माल पाठवला चौदा पेट्या, पोचला चार, रस्त्यात कोनी खाल्ला? तं ते शांतपने विचारते, "काका, एक विचारू? प्रत्येक पानावर 'पंचफुला असती तर' असं येतं. काकू... कधी गेल्या?"

"एकोनवीस महिने झाले."

"अरेरे! कशानं?"

"हैदराबादच्या गाडीनं."

मंग ते अशी हासली, अशी हासली! अन् हासता हासता थांबली. म्हनते, "काका, हे पुस्तक संत्र्यावर आहे ना? मी मोजून पाहिलं. संत्रा हा शब्द दोनशे अकरा वेळा आलाय. अन् पंचफुला, चौदाशे साठ वेळा." असं कसं होईन? म्हटलं, कम्प्यूटर तुमचाही बिघडला वाटते! आता तोडनीवर लिहाचं तं तोडनीवाल्याइले चहा कोन दे? पंचफुला! सौदा फिसकटला तं मले ताट वाढून समोर चूप कोन बसे? पंचफुला! हिरव्या संत्र्याचा वास माझ्या सदऱ्याले लागे, तं सदरा धुवाच्या आधी एक डाव नाकाले कोन लावे, तिले वाटे मी पाहत नाही... तं हे संत्र्याच्या धंद्यात नाही येत का? सांगा न, नाही येत का?

म्याडमनं मंग हिसाब करून दिला. लय हुशार आहे, खोटं कायले बोलू. म्हने, "काका, काकूंचं सगळं काढलं तर संत्र्याचे चौदा हजार शब्द राहतात. नऊ हजार आठशेत पुस्तक होतं. चांगलं होतं." नऊ हजार आठशे! कुठं एक लाख अन् कुठं नऊ हजार आठशे! कोन्ताही व्यापारी असता तं तिथंच इसार देऊन मोकळा झाला असता. अन् मी, चाळीस वर्षाचा व्यापारी, मले विचारता काय मी काय म्हटलं? मी म्हटलं, "अन् संत्रा काढला तं?"

"संत्रा काढला तर..." ते म्हने. "काका, रागावू नका. संत्रा काढला तर तीनच शब्द राहतात. बाकी सगळी त्यांचीच पुनरावृत्ती आहे."

"कोन्ते?"

"आता घरी ये."

तुम्हाले सांगतो, मी वीरेंद्रच्या दुकानात बाकड्यावर बसलो होतो, आजूबाजूले उत्पन्नाच्या दाखल्यावाले उभे, अन् मले तिथं एकदम भरूनच आलं. चार रजिस्टरं! एकोनवीस महिने! अन् निघाला काय, तीन शब्द! अन् तेही मले सांगता आले नाही, नागपूरच्या बाईनं काढून दिले. ते म्हने, "याचे पैसे नाही घेणार मी." मी म्हटलं, तसं नाही जमनार, फुकटचा माल आपन घेत नाही. तीन गुनिले सत्तर पैसे, दोन रुपये दहा पैसे, तिथल्या तिथं मोबाईलवरून पाठवले. मंग हळूच विचारलं, "म्याडम, ते तुम्हीच पाठवून देता का तिले? त्याचे काय घ्यान ते घ्या."

"त्याचा रेट नाही काका," म्हने.

रेट नाही! बेचाळीस हजाराचं काम करते, अन् एवढ्याशा कामाचा रेट नाही! मंग काय, शनिवारी गेलो जामसांवलीले. तिथं मारुतीराया आडवा निजून आहे. उभ्या देवासमोर मले लाज वाटली असती. बाहेर पायरीवर बसलो, तीन शब्द टाइप केले, खोडले, टाइप केले, खोडले... मलेच वाटलं, आता याचे सत्तर-सत्तर पैसे पकडले तं बगीचा विका लागन! अन् मंग डोळे मिटून बटन दाबलं.

दोन मिनिटात फोन. साडेआठ नाही, काही नाही, भर दुपारी! "तब्येत बरी आहे न तुमची?" "बरी आहे." "मंग एवढंच काऊन लिहिलं?" मी म्हटलं, "लांबलचक होतं. कापलं." तिकडं एक लेकरू रडून राहिलं, इकडं देवळाची घंटा वाजून राहिली, अन् आम्ही दोघं चूप. पस्तीस वर्षं बसलो तसे. कोनी म्हटलं नाही, ठेवू का म्हनून.

मंग तिनं नाक ओढलं अन् म्हनते, "येते न हो. लेकरं जरासे बोलाले लागले का येते. दोन महिन्यात येते."

दोन महिन्यात... तुम्हाले सांगतो, मी खुश झालो. खरंच झालो. गाडीवर बसलो, थेट पांढुर्ण्याच्या बाजारात आलो, त्याच दुकानात गेलो. दुकानदार म्हनते, "या नत्थूजी, रजिस्टर? एक देऊ?"

माझा अंदाज चुकत नाही. म्हटलं, "चार दे."