लेप वाळेपर्यंत

—नको, नको, उठू नकोस, मान हलवू नकोस, तोंड तर अजिबात उघडू नकोस, साचा बिघडला तर मेकअपदादा माझ्या नावाने शंख करतील. मीच रे, मालिकेतला जुना सेनापती. आवाजावरून ओळखलंच असशील— नसशील तरी चालेल, सवय आहे. दादा चहाला गेलेत, म्हटलं नव्या सेनापतीला जरा सोबत करावी. कान मोकळे ठेवलेत ना? ऐकू येत असेल तर अंगठा वर कर. हां, शाबास! तोंडभर ओलं प्लास्टर आणि श्वासाला नाकाची तेवढी दोन भोकं— मला पहिल्यांदा हे थापलं ना, तेव्हा वाटलं आपल्याला जिवंतपणी पुरतायत. पण पुढची अकरा वर्षं घर त्यावरच चाललं, मग तक्रार कुठल्या तोंडाने करायची? तोंड तरी कुठे आपलं होतं म्हणा!

आता या नव्या सिनेमात तुझंही तेच होणार. कपाळावर तीन उंचवटे, गळ्याला माशासारखे कल्ले, हिरवट रबर— पहाटे येऊन बसायचं, चिकटवून होईपर्यंत सकाळ संपलेली. पोरांच्या दप्तरांवर मी, पाण्याच्या बाटल्यांवर मी, उशीच्या अभ्र्यावरसुद्धा मी. आणि दुकानात गेलो की दुकानदार म्हणायचा, काका, रांगेत या. एकदा तर गंमतच झाली— मोठ्या दुकानाचं उद्घाटन, समारंभापुरता डोक्यात घालायचा तयार मुखवटा होता, तो एका गाडीत आणि मी दुसऱ्या. माझी गाडी गर्दीत अडकली. धापा टाकत पोचलो, तर दारावरचा माणूस आत सोडेना. म्हणे, सेनापती कधीच आत गेले. आणि गेले होतेच की! आयोजकांनी त्या दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला मुखवटा चढवून उभा केलेला. काय हात हलवत होता पठ्ठ्या! मीही बाहेरून टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा बराच करत होता.

मालिका संपली तेव्हा म्हटलं, चला, आता जगाला खरा नट दिसेल. गेलो काम मागायला. डायरेक्टर म्हणतो, चेहरा नवीन आहे, अनुभव काय तुमचा? पन्नाशी उलटलेला नवोदित मी! शेवटी मिळालं काय— मलमाच्या जाहिरातीत गुडघे. नुसते गुडघे हं. मलम लावणारी बाई तेवढी पूर्ण दिसते. आमची ही म्हणते, तुमच्या गुडघ्यांनी काय जीव ओतलाय! अरे, ओतलाय कसला, ते खरंच दुखत होते— हसू नकोस, हसू नकोस, भेगा पडतील!

आणि परवा... नात आलीये आमच्याकडे, पाच वर्षांची. मांडीवर फोन घेऊन माझेच जुने भाग बघत होती. मी शेजारी बसून काहीतरी बोललो, तर मला म्हणते, आजोबा, गप्प बसा ना, सेनापती बोलतोय. बसलो गप्प. काय करणार? लेकीने तिला सांगितलं, अगं, तेच हे आजोबा. पोरीने मला नीट न्याहाळलं, अगदी कानामागेसुद्धा बघितलं, आणि म्हणाली— थापा. मी हसलो तेव्हा. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायलो.

हां, तर मुद्द्यावर येतो. निर्मातीणबाईंनी सांगितलंय मला, लपवण्यात अर्थ नाही. त्या शेवटच्या सीनबद्दल तू म्हणालास म्हणे— तो म्हातारा नको, लोक त्यालाच बघत बसतील. अरे राजा, मला कोण बघत बसणार! जन्मात कुणी बघितलं नाही! सीन तो केवढा? सेनापती लढाई संपवून येतो, एक म्हातारा दार उघडतो, म्हणतो, "ये, बस." संपलं. रबर नाही, कल्ले नाहीत, माझं आहे ते तोंड. घरी तालीम चाललीये महिनाभर— बेल वाजली की मीच धावतो. परवा कुरिअरवाल्याला इतकं मनापासून म्हणालो, "ये, बस," की तो खरंच आत येऊन बसला. हिने त्याला चहा केला.

राग आला होता मला तुझा. घरून निघताना ठरवलं होतं, चांगलं फैलावर घ्यायचं तुला. कालचं पोर आणि मला नको म्हणतं! पण तुला असं थापलेलं बघितलं आणि सगळं अवसानच गळालं. रोल घे रे माझा, खुशाल घे, मला नकोय तो. फक्त ते दार मला उघडू दे. "बस" काढा हवं तर, नुसतं "ये" म्हणेन. तेही नको? मुका उघडेन. पण तोंड दिसू दे रे. त्या पोरीला एकदा दाखवू दे, की हा बघ, हा मी... तर— तुझी हरकत नसेल, तर अंगठा वर कर.

...केलास? परत कर. हां! अरे, मोठ्या मनाचा आहेस रे तू, आणि मी काय काय समजत होतो—

या दादा, या! बरोबर वेळेवर आलात, आमच्या हिरोशी आत्ताच बोलणं— काय? कोण? फायटिंगवाला? म्हणजे हा... डुप्लिकेट? त्यालाही तोच चेहरा लागतो, हो, लागणारच की. आणि हिरो शेजारच्या खोलीत. अस्सं. वा! मला उभ्या जन्मात कुणी ओळखलं नाही, आणि मी तरी कुठे ओळखलं? खुशाल हस आता तू.

नाही, मी इथेच बरा आहे. त्याचा लेप... निघाला? कधीच? तोंडबिंड धुऊन बसलाय? म्हणजे आता बोलू शकतो तो.

नाही हो, काम कसलं! खरं सांगू? साचा चालू असतानाची वेळ मुद्दाम साधली होती मी. म्हटलं, तेवढा वेळ तरी त्याला नाही म्हणता येणार नाही. आता तो नाहीच म्हणेल, दादा.

बाळा, अंगठा खाली घे, हात भरून येईल. आणि दादा, त्याला सांगा, मी सहज आलो होतो. नाही— आलोच नव्हतो म्हणा.