कापसाची काडी

—चाट म्हटल्यावर चाटणारच ना कुणीतरी! पैज होती मावशी, पैज. तू हातमोजे आणायला गेलीस आणि आपला फुगा म्हणाला, 'दम असेल तर ती कापसाची काडी चाटून दाखव'— दाखवली एकाने. कुणी ते सोड ना. अशी बघू नकोस, मास्कवरून नुसते डोळे दिसले की जास्त भीती वाटते. हो, माहितीये, नळ्या भरताना तू बोलत नाहीस, थुंकी उडते. हे बघ, मीपण तोंडावर हात धरलाय. पण ऐक— शाळेला सुट्टी म्हणून तू आम्हाला इथे लॅबमध्ये आणून बसवलंस, म्हणालीस, 'कशाला हात लावलात तर तंगडी तोडीन.' हात नाही लावला गं. जीभ लावली. म्हणजे— त्याने. फुग्याने. नाही, पैज फुग्याची, जीभ... थांब ना, ते मशीन सुरू नको करू!

मला वाटलं, काय बिघडतंय? काडी गालात आतून घासायची, साबणासारख्या पाण्यात बुडवायची, पेशी फुटतात, गरम करायचं, स्पिरिट घालायचं, गरागरा फिरवायचं, धुवायचं, परत धुवायचं— तूच सांगितलंस ना? मग एवढं धुतल्यावर थुंकी राहते होय? जाईल मळासारखी वाहून. पण मगाशी तू त्या नव्या ताईला म्हणालीस, 'धुतल्यावर बाकी सगळं जातं, डीएनए तेवढा राहतो, कुणाचाही असो.' कुणाचाही! म्हणजे मी जाणारच नाही? त्या बाईच्या थेंबात मी बसणार, ठाण मांडून?

ती बाई गं— बाहेर बाकावरची. मला विचारत होती, 'बाळा, आत अजून किती वेळ?' मांडीवर एवढासा फ्रॉक, मुलगी हरवली तेव्हाचा. अनाथाश्रमातली ती पोरगी तिचीच का, तेच बघायचंय ना? माझ्याएवढी झालीय ती पोरगी, आणि ही फ्रॉक घेऊन बसलीय, वेडी. आणि नाही जुळलं तर? माझ्यामुळे? 'तुमची नाही, जा घरी'?

मावशी, तुझी नोकरी जाईल का गं? नको, नको सांगूस. आईलापण नको— नाही, आईला सांग. ती बाई उठली बघ. काचेतून बघतेय. हसतेय माझ्याकडे!

टाकून दे ती नळी. फुगा नुसता बोलला गं. नवी काडी काढ, मी नेऊन— नाही, नाही, हात लावत नाही. दार उघड फक्त.

काकू... गाल परत घासायला लागेल. तुमची काडी मी चाटली.