साडेसहा हजारांची रेघ

आम्रपाली : नाही म्हणूनच कळवणार आहे मी, पप्पा. चाकण प्लांटची हेड व्हायची काही हौस नाही मला.

विलास : अगं पण का? चौदा वर्सं घासलीस त्या कंपनीत.

आम्रपाली : सरचार्ज! वर्षाची कमाई पन्नास लाखांच्या वर गेली की सगळ्या टॅक्सवर आणखी दहा टक्के. माझे वाढणार चार लाख, त्यातले टॅक्स आणि सरचार्ज मिळून अडीच कंपनी पगारातूनच कापून सरकारला भरणार.

विलास : म्हंजी दीड तर ऱ्हात्यातच की.

आम्रपाली : दीड लाखासाठी तीन शिफ्टचा व्याप गळ्यात कोण घेईल? रेघेच्या अलीकडेच बरी मी.

विलास : थांब. तुझी पगाराची स्लिप काढ मोबाईलवर. वाच बरं पयल्यासारखी.

आम्रपाली : अजून आठवतंय तुम्हाला? सात तारखेला तुम्ही भोसरीच्या कारखान्यातून सायकलवर यायचात आणि पाकीट न फोडता बाबासाहेबांच्या फोटोसमोर ठेवायचात.

विलास : आन तू पाय धुऊन पाटावर बसायचीस वाचायला. ‘कापलेलं आधी, हातातलं मागनं.’

आम्रपाली : प्रॉव्हिडंट फंड, व्यवसाय कर, ईएसआय एकशेदहा... मग आई बालुशाहीचा पुडा सोडायची. तिघांत चार बालुशाह्या, आणि चौथी कायम माझी. काय दिवस होते हो! संत तुकाराम नगरात आपल्याएवढं श्रीमंत कुणी नाही असं वाटायचं मला.

विलास : एकशेदहा वाचताना मात्र दर बारीला तोंड वाकडं करायचीस.

आम्रपाली : मग? फुकटचे जातात असं वाटायचं ना.

विलास : फुकटचे? तुझ्या आईच्या काळजाचा व्हॉल्व्ह कशावर बदलला?

आम्रपाली : ईएसआयच्या, कामगार विम्याच्या कार्डावर. माहितीये मला.

विलास : आन ते कार्ड साडेसहा हजार पगाराच्या आतल्यालाच. त्याच साली साहेब मला सुपरवायझर करत होता. तीनशे वाढले की मी रेघेच्या पल्याड, कार्ड गेलं. हिच्या ऑपरेशनची तारीख लागायची होती. साहेबाला म्हणलं, न्हाई जमायचं साहेब, आपल्याला लिखापढी येत न्हाई.

आम्रपाली : म्हणून तुमच्या जागी दत्तोबाकाका सुपरवायझर झाले? आणि आई आजवर तुम्हाला...

विलास : हळू बोल. आत्ता येईल ती विहारातनं. तिला ठावं न्हाई. कळलं असतं तर ऑपरेशनच नको म्हणली असती.

आम्रपाली : पण पुढे ती मर्यादा वाढवली ना सरकारनं?

विलास : वाढली की. तवर दत्तोबा खुर्चीत बसला होता. खोटं कशाला बोलू, केबिनच्या काचंतनं तो दिसला की वाटायचं, ती खुर्ची माझी होती.

आम्रपाली : पप्पा, मी शाळेत मैत्रिणींना सांगायचे, आमचे पप्पा घाबरट आहेत म्हणून. मला तरी सांगायचंत हो एकदा!

विलास : लेकराला काय सांगायचं ते? पर आता ऐक. मी तवा रेघ वलांडली असती तर तुझी आई गेली असती. तुझं काय जातंय? नुसता टॅक्स. आन खरं सांग मला, टॅक्सचंच भ्या हाय का?

आम्रपाली : ...तीनशे माणसं आहेत तिथं. आजवर एकही बाई हेड झालेली नाही. मला नाही जमलं तर?

विलास : आमू, लिखापढी मलाबी येत होती गं.

(दार वाजतं. सोजरबाई विहारातून परतते.)

सोजरबाई : काय कुजबुज चाललीय बापलेकीची? चहा तरी टाकलाय का कुणी?

आम्रपाली : आई, चाकणला हेड करतायत मला. उद्या हो म्हणून कळवतेय. सरचार्ज कापतील तर कापू देत. पप्पांनीच समजावलं.

सोजरबाई : ह्यांनी? अगं बया! ह्यांना पगारातलं काय कळतंय? दत्तोबा बघता बघता सुपरवायझर झाला, आन हे आपले मशीनपाशीच उभे!

आम्रपाली : आई, अगं...

विलास : खरं हाय तुझं, सोजर. ती पिशवी दे इकडं, बालुशाही घेऊन येतो.