लेम्युएलचा गवती झाडू

आधी ती तंबाखू थुंका — अहो, अंगणात नव्हे, शी! कुंपणापलीकडे. आत्ताच झाडलंय मी. आणि मावशी-बिवशी म्हणू नका मला, तुमच्या आईची मी बहीण नव्हे. मिसेस गेन्स म्हणा, जीभ झडणार नाही तुमची. हं, वाचा तो कागद. लेमचे दोन्ही हात भाजून पट्ट्यांत, म्हणून त्याच्या सहीऐवजी आईची फुली हवी कारखान्याला, होय ना? काय — 'झाडू न घेता पुढे गेला, चूक त्याची'? किळस येते हो तुमची! माझा लेम्युएल, आणि झाडूशिवाय?

अहो, त्यानंच सांगितलंय मला सगळं. हायड्रोजन वायू इतका गार करता की त्याचं पाणी होतं, त्यावर तुमचं रॉकेट उडतं. फ्लोरिडाच्या या उन्हात नळावर बर्फ! बादलीभर उचललं तरी बादली रिकामी वाटावी, इतकं हलकं. केसाएवढ्या फटीतून निसटतं, वास नाही, आणि पेटलं तर दिवसा जाळ दिसत नाही — माणूस चालत चालत आगीत शिरेल. म्हणून सगळ्यांच्या पुढे कोण? लेम. हात लांब करून झाडू धरलेला — गवत पेटलं की थांबायचं. तुमचे गोरे कुठे? दहा पावलं मागे. आणि झाडू माझा, हिव पडल्यावर गवत कापून मी बांधलेला. दुकानातल्यापेक्षा लवकर पेटतो, म्हणायचा.

हा काय तो झाडू, तुम्हीच टाकलात ना पोत्यात, त्याच्या बुटांबरोबर? नेला नव्हता तर टोकं कशानं जळली? बघा — जळली कुठे, नुसती काळवंडलीत. पेटलाच नाही. कसा पेटेल? आदल्या संध्याकाळीच तर मी — काड्या मोडायला लागल्या होत्या हो, मुकादम हसेल त्याला, म्हणून मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवला. आमच्यात सगळ्याच बायका ठेवतात, झाडू टिकतो. चाळीस वर्षांची हाताची सवय. डोक्यात आलंच नाही की हा झाडायचा नव्हे, पेटायचा.

काय म्हणालात? कुणी सांगितलं? लेमनं? स्वतः — 'झाडू फाटकापाशीच विसरलो'?

तीन दिवस त्याच्या खाटेशी बसले मी. पाणी मागितलं, उशी मागितली. झाडूचं नाव नाही काढलं. म्हणजे कळलंय त्याला, का पेटला नाही ते — मला वाचवायला चूक अंगावर घेतली पोरानं.

लगेच पेन निघालं तुमचं? शी, हसू तरी लपवा. लिहा — झाडू होता, आईनं भिजवला होता. पण आधी त्याचं नाव खोडा. माझं घाला तिथे. खोडलंत? दाखवा. अक्षर येत नाही मला, पण खोडलेलं दिसतं. कुठे आहे खोडलेलं?

ठेवा ते पेन खिशात. मिळणार नाही फुली. निघा — आणि कडेकडेनं जा, अंगणात तुमचे बूट नकोत मला.