माहीमच्या किनाऱ्यावरचा झेंडा

अहो, जाहिरातीचा झेंडा कोणीही विकेल. खाली बेस कुठला द्यायचा, तिथेच आमचा कस लागतो. बोईसरच्या दुकानांना मी लोखंडी प्लेट देतो, ती हलत नाही. तिथून जवळच असलेल्या माहीम गावच्या किनाऱ्यावर पर्यटकांची राहण्याजेवणाची सोय करणाऱ्या भाऊंना मात्र मी पाणी भरायचा बेस दिला आणि मोठ्या तोऱ्यात घरी आलो.

दोन दिवसांत भाऊंचे तीन फोन. "झेंडा पडला." मी म्हणालो, "बेस काठोकाठ भरा." तरी पडला. शेवटी भाऊ तडकले, "उद्या उभा नाय राहिला तर परत घेऊन जा!"

दुसऱ्या दिवशी फोनच नाही. न राहवून मीच केला.

"आता नाय पडत," भाऊ म्हणाले. "कसा, ते तुमीच येऊन बघा."

मी तर काहीच केलं नव्हतं! मग झेंडा उभा कसा? तशीच गाडी काढली. बघतो तर झेंड्याच्या दांड्याला घट्ट दोरी, तिचं दुसरं टोक समुद्राकडे वाळूत खोल रोवलेल्या बांबूला, आणि मधे ओळीनं बोंबील वाळताहेत. समुद्रावरचा वारा झेंड्याला मागे ढकलत होता आणि दोरी त्याला धरून ठेवत होती. काय डोकं!

बाजूला एक कोळीण मावशी उरलेले बोंबील लावत होत्या. मी हात जोडले. "मावशी, झेंडा पडू नये म्हणून बांधलंत ना?"

"कसला झेंडा?" त्या म्हणाल्या. "माझा एक बांबू कमी पडत होता."