कुंकू लागलेली फ्लॉपी

वहिनी, आणि अण्णांसाठी आज या सोसायटीच्या हॉलमध्ये जमलेले तुम्ही सगळे. मला भाषण येत नाही हो. मी टायपिस्ट. दुसऱ्याचे शब्द बडवायचे, एवढंच आयुष्यभर केलं. अण्णा गेल्याचं दुःख आहेच. पण खरं सांगू? मला भीती वाटतेय.

अण्णा कादंबऱ्या हातानं लिहायचे. काय ते अक्षर! बायको असून वहिनींनाही लागायचं नाही. मला लागायचं. खोडलेलं, समासात चढवलेलं, बाण काढून मागच्या पानावर नेलेलं, सगळं. ठाण्यातल्या खोपटहून इथे कोपरला यायचे मी, कागदांचे गठ्ठे न्यायला.

मग कॉम्प्युटर आला. म्हटलं, संपलं आपलं काम. तर अण्णा म्हणाले, "अगं सुनंदा, या डबड्याची मला धास्ती वाटते. आधी तू शीक, मग मला शिकव." शिकवलं. तरी खोडायचं बटण त्यांनी कधी दाबलं नाही. "कागदावर खोडलं तरी खाली दिसतं गं. इथे गेलं की गेलं!" नको झालेली वाक्यं ते सरकवत सरकवत फाइलच्या तळाशी नेऊन ठेवायचे.

जग पुढे गेलं, अण्णा त्याच डबड्यावर राहिले. शेवटची कादंबरी एका फ्लॉपीवर. दुसरी प्रत नाही, छापलेलं पान नाही. मी मागे लागले की म्हणायचे, "पुरी होऊ दे, मग." दसऱ्याच्या आदल्या दिवशी फोन आला, "सुनंदा, शेवट सापडला!" केवढे खूश होते!

आणि दसऱ्याला त्यांनी पेनाबरोबर फ्लॉपीचीही पूजा केली. ओल्या कुंकवाचं बोट, नेमकं तिच्या सरकत्या पत्र्यावर. कुंकू आत उतरलं. अण्णा गेल्यावर मी ती ठाण्याच्या दुरुस्तीवाल्याकडे नेली, त्यानं जमेल तेवढं पुसलं. म्हणाला, "बाई, एकदा चालेल कदाचित. त्या एकदातच काय ती प्रत करून घ्या."

वहिनी म्हणतात, तूच लाव. सभा संपली की वर अण्णांच्या घरी जायचंय. नाही उघडली तर? कुणाला विचारू? अण्णा, तुमचं कसलंही गिचमिड मी लावलं असतं हो. पण लावायला कागद तरी हवा ना?

दोन मिनिटं शांत उभे राहू या. अण्णा लिहीत असताना घर असंच गप्प असायचं. आणि मी वर गेले तरी कृपा करून लगेच पांगू नका. मी खाली येईपर्यंत थांबा.

अण्णा, नमस्कार करते.