रोजची गोळी

रुग्णालयात छातीच्या विभागाबाहेर रांगेत बसलेल्या विद्यार्थिनीला शेजारच्या दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. त्यांच्यासोबत आलेला पेशंट, एक वेल्डर, डॉक्टरांकडे आत गेला होता. बाहेर त्याची बायको आणि धाकटा भाऊ.

“भावजी, ह्यांना सांगू नका हं.”

“काय, वहिनी?”

“सिस्टरनी विचारलं, रोज काय घेतात? मी मिरवत सांगितलं, गाजरातल्या जीवनसत्त्वाची गोळी, सात वर्षं, एक दिवस खाडा नाही. त्या म्हणाल्या, सिगारेट ओढणाऱ्यांना ती देत नाहीत. कॅन्सरचा धोका उलट वाढतो.”

“दादाची सिगारेट सुटेना म्हणूनच दिलीत ना?”

“आधी मी सिगारेटवरून रोज भांडायचे. मग मीच म्हणायला लागले, गोळी घ्या आणि काय ओढायचं ते ओढा.”

“दादाचं हे दुखणं गोळीनंच झालं, असं थोडंच आहे?”

“त्याही तेच म्हणाल्या. पण भांडण तर मीच थांबवलं ना?”

दार उघडलं. वेल्डर खोकत बाहेर आला.

“तोंड का पाडलंस गं? डॉक्टरांना ठणकावून सांगितलं, हिच्या गोळीमुळेच इतकी वर्षं तगलो.”

“मग? काय म्हणाले?”

“काही नाही. गोळीचं नाव तेवढं लिहून घेतलं.”

“बरं. मफलर नीट गुंडाळा. बाहेर वारा आहे.”